‘ड्यूटीवर सशस्त्र’: ओहायोतल्या मॅडिसन शाळेचं प्रकरण

माझी मावसबहीण अमेरिकेत ओहायो राज्यात, सिनसिनाटीच्या उत्तरेला राहते. मेसन, वेस्ट चेस्टर या पट्ट्यात आपली माणसं बरीच आहेत. शाळा सुरू होताना तिला शाळेकडून नेहमीसारखा लांबलचक ईमेल आला. बसच्या वेळा, जेवणाचे पैसे, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि मध्येच एक वाक्य: शाळा मंडळाने एका किंवा अधिक व्यक्तींना शाळेच्या आवारात शस्त्र बाळगण्याची परवानगी दिली आहे. कोणाला, किती जणांना, कुठल्या मजल्यावर, काही नाही. ईमेल मला पाठवून तिने खाली लिहिलं होतं, “दादा, मुलीच्या बाई कमरेला पिस्तूल लावून गुणाकार शिकवतात का, हे मला विचारता येतं का?”

मी इथे पुण्यात फौजदारी वकिली करतो. ओहायोत उभं राहायची सनद माझ्याकडे नाही, त्यामुळे तिला रीतसर सल्ला देणारा मी कोणी नव्हे. पण त्या एका वाक्यामागे चार वर्षांचं भांडण आहे आणि त्यातला खटला मी आधी वाचलेला होता. शिक्षकाने हत्यार बाळगणं आणि शिक्षकाने हत्यार चालवणं या दोन गोष्टी कायद्यात किती लांब आहेत, हे त्यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या प्रकरणात दिसलेलं नाही.

कॅफेटेरियातली घटना

बटलर काउंटीतलं मॅडिसन टाउनशिप म्हणजे शेतीवाडीचा भाग. 29 फेब्रुवारी 2016, सोमवार. मॅडिसन ज्युनिअर-सीनिअर हायस्कूलच्या कॅफेटेरियात मुलं जेवायला बसली होती. 14 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने .380 कॅलिबरचं पिस्तूल काढलं आणि गोळ्या झाडल्या. दोन मुलांना गोळ्या लागल्या, आणखी दोघं त्या गोंधळात जखमी झाली. सुदैवाने कोणी दगावलं नाही. मुलगा शाळेबाहेर पळाला, पिस्तूल टाकून दिलं आणि थोड्याच वेळात जवळपास पकडला गेला. पुढे अल्पवयीनांच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला.

पिस्तूल काढलं, झाडलं, तो पळाला, पिस्तूल टाकलं. हा क्रम लक्षात असू द्या, शिक्षकाच्या बंदुकीचा हिशेब पुढे त्यावरच करायचा आहे.

दोन वर्षांनी, 14 फेब्रुवारी 2018 रोजी, फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेले आणि सगळ्या देशात ‘शिक्षकांच्या हातात बंदूक द्या’ हा सूर पुन्हा चढला. बटलर काउंटीचे शेरीफ, म्हणजे तिथले पोलीसप्रमुख, रिचर्ड जोन्स त्यात आघाडीवर होते. शिक्षकांना बंदूक बाळगण्याच्या परवान्याचं प्रशिक्षण फुकट देतो, असं त्यांनी जाहीर केलं आणि नावं द्यायला रीघ लागली. एप्रिल 2018 मध्ये मॅडिसनच्या शाळा मंडळाने ठराव केला: जास्तीत जास्त 10 कर्मचाऱ्यांना शाळेत लपवून शस्त्र बाळगता येईल. अट काय, तर बंदुकीचा परवाना आणि हल्लेखोराचा सामना करण्याचं थोड्या दिवसांचं प्रशिक्षण. तासांत मोजलं तर तिशीच्या आत.

ज्यांची मुलं मॅडिसनच्या शाळांत शिकत होती अशाच काही पालकांनी मंडळावर दावा लावला. हे पालक बंदुकीच्या विरोधातले शहरी लोक होते असं कोणी समजू नये. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की, द्यायचीच असेल बंदूक तर पोलिसाला देता तेवढं प्रशिक्षण द्या. शिवाय प्रशिक्षणाचे नियम आणि धोरणाचे कागद आम्हाला दाखवा, अशीही मागणी होती.

दोन कलमं आणि दोन शब्द

ओहायोत शाळेच्या आवारात घातक शस्त्र नेणं हा गंभीर गुन्हा आहे. त्या कलमाला अपवाद आहेत, आणि त्यातला एक असा की शाळा मंडळाची लेखी परवानगी असलेल्या व्यक्तीला हा गुन्हा लागू नाही. मंडळाने बोट ठेवलं ते इथे.

पालकांनी बोट ठेवलं ते दुसऱ्या कलमावर. ते तेव्हा सांगत होतं की कोणत्याही शैक्षणिक संस्थेने विशेष पोलीस अधिकारी, सुरक्षारक्षक किंवा ‘ड्यूटीवर असताना सशस्त्र असणाऱ्या इतर पदावर’ अशा माणसाला नेमू नये, ज्याने पोलिसाचं मूलभूत प्रशिक्षण पूर्ण केलेलं नाही. सूट फक्त 20 वर्षं पोलिसात काढलेल्याला. आणि हे मूलभूत प्रशिक्षण म्हणजे 700 हून अधिक तास.

सगळा खटला ‘इतर पद’ या शब्दांवर येऊन बसला. शिक्षक ‘इतर पदा’त येतो का?

आपल्या कोर्टांतही हा वाद रोजचा आहे. बागेच्या फाटकावर पाटी असते, ‘बैल, घोडा, गाढव वा इतर प्राणी आत आणू नयेत’. एक आजोबा पिंजऱ्यात पोपट घेऊन येतात. पोपट प्राणी आहे यात शंका नाही, पण पाटी लिहिणाऱ्याच्या मनात ओझ्याची जनावरं होती, असं आजोबांचा वकील म्हणणार. मंडळाच्या वकिलांनी नेमकं हेच केलं: विशेष पोलीस, सुरक्षारक्षक, त्या ओळीतलं ‘इतर पद’ म्हणजे पोलिसी कामासारखंच पद. शिक्षकाचं काम शिकवणं, खिशातलं पिस्तूल हा त्याच्या पदाचा भाग होत नाही.

2019 मध्ये काउंटीच्या न्यायाधीशांना हे पटलं आणि मंडळ जिंकलं. 2020 मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. 23 जून 2021 रोजी ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश मॉरीन ओ’कॉनर यांचा. त्यांचं उत्तर सरळ होतं: कलम पदाचं नाव विचारत नाही, त्या पदावरचा माणूस ड्यूटीवर सशस्त्र असतो का एवढंच विचारतं. शाळेत असताना शिक्षक ड्यूटीवर असतो. मंडळाच्या परवानगीने तो सशस्त्र असतो. मग तो कलमात आला. मंडळाला परवानगी द्यायचा अधिकार आहे म्हणून प्रशिक्षणाची अट माफ करायचाही अधिकार आहे, असं होत नाही.

मला व्यक्तिशः विरोधी मत वाचताना दोनदा थांबावं लागलं. शब्दार्थाच्या कसोटीवर ते अगदीच पोकळ नाही. पोपटाची बाजू नेहमीच थोडी खरी असते. पण शाळा मंडळ एकीकडे म्हणणार की हा माणूस हल्लेखोराला थोपवण्यासाठी सशस्त्र आहे, आणि दुसरीकडे म्हणणार की सशस्त्र असणं हे त्याचं काम नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून शोभत नाहीत.

पालकांचा विजय वर्षभरही टिकला नाही. 24 मे 2022 रोजी टेक्सासमधल्या युवाल्डीत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. ओहायोच्या विधिमंडळात आधीपासून पडून असलेलं ‘हाउस बिल 99’ त्यानंतर झपाट्याने पुढे सरकलं. 13 जूनला गव्हर्नर माइक डिवाइन यांनी सही केली आणि 12 सप्टेंबर 2022 पासून कायदा लागू झाला. त्यात मंडळाच्या परवानगीने शस्त्र बाळगणाऱ्यांना पोलिसी प्रशिक्षणाच्या त्या अटीतून सूटच दिली. आता सक्तीचं प्रशिक्षण 24 तासांपर्यंत आणि पुढे दर वर्षी 8 तासांपर्यंत. मंडळाला वाटलं तर ते जास्त मागू शकतं. राज्यातल्या शिक्षक संघटनांनी या कायद्याला विरोध केला. पोलिसांच्या संघटनेनेही केला, हे मुद्दाम सांगतो, कारण अमेरिकेबाहेर ते फारसं कोणाला ठाऊक नसतं.

700 तासांच्या जागी 24. म्हणजे साधारण तिसावा हिस्सा, आणि त्यातच वाद शांत करणं, जखमेवर आवळपट्टी बांधणं, हल्ल्यानंतर मुलांना पालकांच्या ताब्यात देणं हेही शिकवायचं. अर्थात तासांनीच सगळं ठरतं असंही नाही. मार्च 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीसाईड हायस्कूलमध्ये वर्गात बंदुकीची सुरक्षितता दाखवताना एका शिक्षकाच्या हातून छतात गोळी सुटली आणि एका विद्यार्थ्याला किरकोळ इजा झाली. ते शिक्षक राखीव पोलीस अधिकारी होते.

परवानगी मिळाली. गोळी कधी झाडायची?

चार वर्षांच्या या भांडणात प्रश्न एकच होता: बंदूक फाटकातून आत कोण आणणार. ती होल्स्टरमधून बाहेर कधी काढायची, याबद्दल मॅडिसनच्या ठरावाने किंवा हाउस बिल 99 ने शिक्षकाला कुठलाही खास हक्क दिलेला नाही. तिथे त्याला लागू होतो तो रस्त्यावरच्या कोणाही माणसाला लागू होणारा स्वसंरक्षणाचा कायदा. पालक आणि शिक्षक दोघांचाही गोंधळ होतो तो इथेच.

ओहायोचा हा कायदा मधल्या काळात बराच सैल झाला. मार्च 2019 पासून, आरोपीने स्वसंरक्षणाचा थोडाफार पुरावा पुढे आणला की ते स्वसंरक्षण नव्हतं हे सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध करायचं. एप्रिल 2021 पासून, जिथे कायदेशीरपणे उभे आहात तिथून आधी मागे हटायचं बंधनही गेलं. पण दोन गोष्टी तशाच राहिल्या. मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा धोका त्या क्षणी समोर उभा असला पाहिजे, निदान तसा प्रामाणिक आणि वाजवी समज असला पाहिजे. आणि घातक बळाशिवाय त्यातून सुटायचा मार्ग नसला पाहिजे.

आता कॅफेटेरियात एक सशस्त्र शिक्षक उभा आहे, असं धरून चालू. मुलाने पिस्तूल काढलं आणि तो झाडतो आहे. या घटकेला शिक्षकाने त्याच्यावर गोळी झाडली तर कायदा त्याच्या पाठीशी आहे. मुलगा 14 वर्षांचा आहे याने हक्क कमी होत नाही. धोका वयाकडे बघून लहान होत नाही.

मग मुलगा पळाला. इथे जमीन निसटायला लागते. तो दाराकडे धावतोय, पिस्तूल अजून हातात आहे, दाराबाहेर कॉरिडॉर आहे आणि कॉरिडॉरमध्ये मुलं आहेत. धोका संपला की पुढच्या वर्गाकडे सरकला? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल, आणि ज्याला तो करायचा आहे त्याच्याकडे तेव्हा एखादा सेकंद होता.

मग त्याने पिस्तूल टाकलं. यानंतर झाडलेली गोळी स्वसंरक्षणात बसत नाही. ती शिक्षा होते, आणि शिक्षा देण्याचा अधिकार ना शिक्षकाला, ना पोलिसाला.

शिक्षकांच्या बंदुकीची बाजू घेणारे मिसिसिपीतल्या पर्ल शाळेचा दाखला हमखास देतात. 1 ऑक्टोबर 1997. 16 वर्षांच्या मुलाने घरी आईला मारून शाळेत येऊन दोन विद्यार्थिनींचा जीव घेतला, सात जणांना जखमी केलं. उपमुख्याध्यापक जोएल मायरिक धावत आपल्या ट्रककडे गेले, .45 चं पिस्तूल आणलं आणि गाडीतून निघालेल्या त्या मुलाला त्याचा धाक दाखवून पोलीस येईपर्यंत रोखून धरलं. दाखला खरा आहे. फक्त सांगताना एक तपशील गळतो: मायरिक यांनी एकही गोळी झाडली नाही. मुलाकडे रायफल होती, तो पळत होता आणि पुढे आणखी कोणाला मारेल अशी धास्ती होती. तरीही पिस्तूल रोखण्यावरच भागलं. त्या क्षणी त्यांनी चाप ओढला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न कोर्टात गेलाच नाही.

पळणाऱ्यावर गोळी झाडण्याबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1985 चा ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ हा निकाल आहे. मेम्फिसमध्ये घरफोडी करून कुंपणावरून पळणाऱ्या 15 वर्षांच्या निःशस्त्र मुलाला पोलिसाने पाठीमागून गोळी घातली होती. कोर्टाने सांगितलं, पळणारा इतरांच्या जिवाला मोठा धोका आहे असं मानायला सबळ कारण असल्याखेरीज हे चालणार नाही. नियम पोलिसांसाठी आहे. पण त्याच वर्षी, दुसऱ्या एका खटल्यात, सरकारी शाळेतला शिक्षक विद्यार्थ्याची झडती घेतो तेव्हा तो राज्याचा माणूस म्हणून वागत असतो, असंही त्याच न्यायालयाने म्हटलं. ही दोन टोकं जोडली की सरकारी शाळेत मंडळाच्या लेखी परवानगीने बंदूक बाळगणाऱ्या शिक्षकाला ‘मी आपला साधा नागरिक’ म्हणणं जड जाईल. पोलिसाची जबाबदारी त्याच्या अंगाला चिकटते. पोलिसाचे 700 तास मात्र चिकटत नाहीत.

ओहायोत आणखी एक जुना काच आहे. दुसऱ्याला वाचवायला मध्ये पडणारा, तो ज्याला वाचवतो त्याच्या चपलेत पाय घालतो, असा तिथला नियम, 1979 पासून ठाम. ज्याला वाचवलं तोच मुळात हल्लेखोर निघाला, तर वाचवणाऱ्याचा प्रामाणिक गैरसमज त्याला तारत नाही. आता शाळेतलं भांडण डोळ्यासमोर आणा. आरडाओरडा ऐकून शिक्षक दार उघडतो. दोन मुलं जमिनीवर झोंबतायत, पिस्तूल दोघांच्या हातांमध्ये. एकाने ते आणलंय, दुसरा ते हिसकावतोय. कोण कुठला?

साध्या मारामारीचं तर बोलायलाच नको. दोन दांडगी मुलं एकमेकांना बुक्के मारतायत म्हणून पिस्तूल काढून ‘थांबा’ म्हणणं हे शिस्तीत बसत नाही. जिवाच्या धोक्यावाचून कोणावर बंदूक रोखणं, हा धमकावण्याचा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो.

झाडली तर, नाही झाडली तर

गोळी चुकून दुसऱ्याच मुलाला लागली तर? ओहायोत सरकारी संस्थेच्या कर्मचाऱ्याला नुकसानभरपाईच्या दाव्यापासून बरंच संरक्षण आहे. दुष्ट हेतू, अप्रामाणिकपणा किंवा बेदरकारपणा दिसला की ते गळून पडतं. मग वकिलांची लढाई ‘बेदरकार’ या शब्दावर. गर्दीच्या कॅफेटेरियात, 24 तास शिकलेल्या हाताने, पंधरा-वीस मीटरवरून झाडलेली गोळी बेदरकार की नाही?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलंय, आणि ते वाचून दचकायला होतं. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 106, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 44. प्राणघातक हल्ल्यापासून बचाव करताना निरपराध माणसाला धोका पोचवल्याशिवाय तो करताच येत नसेल, तर तो धोका पत्करायचाही हक्क आहे. उदाहरण दिलंय ते असं: जमाव एका माणसाला ठार मारायला आलाय, गोळी झाडल्याखेरीज तो वाचत नाही, आणि जमावात लहान मुलं मिसळलेली आहेत. झाडताना त्यातल्या मुलाला इजा झाली तरी त्याने गुन्हा केला नाही. एकोणिसाव्या शतकात हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर शाळा नव्हती. पण विद्यार्थ्यांना हे कलम शिकवताना मी आता जमावाचं चित्र बाजूला ठेवतो आणि कॅफेटेरियाचं घेतो. वर्ग गप्प होतो. अर्थात आपल्याकडे हा प्रश्न आधीच्याच पायरीवर अडतो; बंदुकीचा परवाना मिळवतानाच माणूस थकतो.

दुसरी बाजू कमी बोलली जाते. शिक्षकाकडे बंदूक आहे आणि त्याने झाडली नाही. दाराला कडी लावली, मुलांना घेऊन कोपऱ्यात बसला, शेजारच्या वर्गातली मुलं मारली गेली. त्याच्यावर गुन्हा होतो का? खासगी व्यक्तीच्या हिंसेपासून प्रत्येकाला वाचवायचं बंधन राज्यावर घटनेने घातलेलं नाही, असं 1989 पासून अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय. पण पार्कलंडच्या शाळेतला सशस्त्र डेप्युटी स्कॉट पीटरसन गोळीबार चालू असताना इमारतीबाहेर थांबला, म्हणून त्याच्यावर मुलांच्या देखभालीत हयगय केल्याचा खटला झाला. तो मुलांचा ‘सांभाळ करणारा’ होता, असा सरकार पक्षाचा दावा. जून 2023 मध्ये ज्यूरीने त्याला सर्व आरोपांतून सोडलं. बरं, पोलिसाला ‘सांभाळ करणारा’ म्हणायला सरकारी वकिलांना इतका घाम गाळावा लागला. बालवाडीच्या बाईंना ते लेबल लावायला किती वेळ लागेल?

मावसबहिणीला पाठवलेलं उत्तर

तिच्या प्रश्नाचं उत्तर असं: विचारता येतं, पण सांगायला कोणी बांधील नाही. मंडळाने शस्त्राची परवानगी दिली आहे हे लोकांना कळवायची सक्ती हाउस बिल 99 नेच घातली, म्हणून तर ते वाक्य शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीखाली आलं. पण ती माणसं कोण, याची यादी सार्वजनिक होत नाही. वर्गात कोणाकडे हत्यार आहे हे हल्लेखोराला कळू नये, असा त्यामागचा विचार आहे आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

मग मी तिला नावं सोडून दुसरं विचारायला सांगितलं. 24 तासांवर मंडळाने स्वतःहून किती तास वाढवलेत? बंदूक अंगावर असते की कुलूपबंद पेटीत, आणि पेटीत असेल तर किल्ली कोणाकडे? पोलीस आत शिरतील तेव्हा साध्या कपड्यातला, हातात पिस्तूल असलेला माणूस शिक्षक आहे हे ते कसं ओळखणार? आणि गोळी झाडल्यानंतर त्या शिक्षकाला वकील कोण देणार, मंडळ की तो स्वतः?

परवा तिचा फोन आला. मंडळाच्या पुढच्या बैठकीत बोलायला तिने नाव दिलंय. तीन मिनिटं मिळतात, घंटी वाजली की माईक बंद. चार प्रश्न तेवढ्यात बसत नाहीत, म्हणून तिने सुरुवात किल्लीपासून करायचं ठरवलंय.